भारताच्या अंडर-१७ टीमसाठी पोरं निवडतात तरी कशी? भाच्यासाठी विचारतोय, जरा अर्जंट आहे

गडहिंग्लजवाला

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण माहिती असणाऱ्यांनी नक्की उत्तर द्या. माझा भाचा इथं गडहिंग्लजलाच असतो, नोव्हेंबर २०१२ चा जन्म, लेफ्ट विंगला खेळतो. आमच्या गावाचं फुटबॉलचं वेड कोल्हापूर भागातल्या लोकांना सांगायला नको, एम. आर. हायस्कूलच्या ग्राउंडवर स्पर्धा लागली की दुकानं लवकर बंद करून माणसं येतात. पोराचा पाय चांगला आहे, हे मी मामा म्हणून नाही बोलत, इथले जुने खेळलेले लोक पण बोलतात. पण अंगानं लै बारीक आहे, त्याच्या टीममधली काही पोरं आत्ताच मिसरूड फुटून सहा फुटाकडं चाललीत आणि हा त्यांच्या खांद्याला लागतो.

आता मुद्द्याचं. महिन्यापूर्वी एका माणसाचा दाजींना फोन आला, की दिल्लीला इंडिया अंडर-१५ कॅम्पची ट्रायल आहे, राहणं खाणं किट धरून पस्तीस हजार भरा, सिलेक्टर लोकांशी आमचं बोलणं असतं, पोरगं चांगलं असेल तर डायरेक्ट कॅम्पला घेतात. व्हॉट्सॲपवर तिरंग्याचा लोगो लावलेलं लेटर पण पाठवलंय. दाजी सोसायटीतनं कर्ज काढून भरायला निघालेत, ताई म्हणते एकदा तरी संधी देऊया नाहीतर आयुष्यभर पोरगं बोलंल. मला हे पटत नाहीये पण नाही म्हणायला मला तरी कुठं माहिती आहे की खरी निवड होते कशी? कोण बघतं, कुठं बघतं, ट्रायल असते का नसते, आणि बारीक अंगाच्या पोराला काय चान्स असतो का? पुढच्या आठवड्यात पैसे भरायची शेवटची तारीख आहे म्हणून लवकर लिहा प्लीज.

मैदानावरचा सर

दादा, पहिलं काम म्हणजे दाजींना फोन करून पैसे थांबवा, मग पुढचं वाचा.

मी पुण्यात शाळेच्या आणि क्लबच्या पोरांना शिकवतो, माझ्या हाताखालची काही पोरं स्टेटपर्यंत गेलीत आणि एक-दोघं नॅशनल कॅम्पच्या यादीपर्यंत, त्यामुळं जवळून बघितलंय ते सांगतो. पैसे भरून नॅशनल टीमची ट्रायल असा प्रकारच नाही. नॅशनल कॅम्पला बोलावणं येतं ते फेडरेशनकडून, म्हणजे एआयएफएफकडून (अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन), आणि येतं ते पोराच्या क्लबमार्फत, ॲकॅडमीमार्फत नाहीतर राज्य संघटनेमार्फत. बोलावलेल्या पोराचा खर्च फेडरेशन करतं. पालकाच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी माणूस लेटर पाठवतोय इथंच विषय संपला.

आता बघतात कुठं. एक दिवस दोनशे पोरं मैदानात सोडून, छातीवर नंबर चिकटवून, त्यातली वीस उचलायची असं लोकांच्या डोक्यात असतं. कधीकधी खुल्या ट्रायल होतात, नाही असं नाही, पण त्या बहुतेक ॲकॅडमीच्या प्रवेशासाठी असतात. टीमचा मोठा भाग येतो तो वर्षभर खेळल्या जाणाऱ्या मॅचेसमधून. एआयएफएफच्या युथ लीग आहेत, अंडर-१३, १५, १७ अशा, त्यात क्लब आणि मान्यता असलेल्या ॲकॅडमी खेळतात. मग राज्यांची सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर नॅशनल, शाळांचा सुब्रतो कप, हा १९६० पासून चालतो आणि गावाकडच्या शाळेला सुद्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं जिंकत जिंकत तिथपर्यंत जाता येतं. या ठिकाणी कोच आणि स्काउट, म्हणजे पोरं हेरणारी माणसं, बसलेली असतात, नावं टिपून ठेवतात, तेच पोरगं दुसऱ्या स्पर्धेत परत बघतात. त्यातून पन्नासेक पोरांचा कॅम्प लागतो, मग छाटत छाटत २३ वर येतात. आज घेतलेला दोन महिन्यांनी घरी येतो आणि आज न घेतलेला मध्येच आत जातो, हे सतत चालू असतं.

आणि बघतात काय? गोल किती मारले हे सगळ्यात शेवटी. मी एकदा एका स्काउटच्या शेजारी बसून अख्खी मॅच बघितली होती. आमच्या स्ट्रायकरनं दोन गोल केले, मी खुश, तो माणूस मात्र आमच्या एका होल्डिंग मिडफिल्डरकडं (डिफेन्सच्या पुढं खेळणाऱ्याकडं) बघत होता. पास यायच्या आधी पोरगं दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घेत होतं, एकदा नाही, प्रत्येक वेळी, आणि बॉल लांबच्या पायावर घेऊन त्याच टचमध्ये अंग वळवत होतं, त्यामुळं त्याच्यावर प्रेस करायला आलेला नेहमी अर्धं पाऊल उशिरा पोचायचा. दुसरं त्यानं टिपलं ते म्हणजे बॉल गेल्यावरचे पहिले तीन सेकंद, पोरगं हात वर करून रेफरीकडं बघतंय का लगेच मागं पळतंय. स्ट्रायकरचं नाव त्यानं विचारलं सुद्धा नाही. तेव्हापासून मी माझ्या ट्रेनिंगमध्ये खांद्यावरून बघणं हे रोजचंच केलंय. तुमच्या भाच्याला हे फुकटात आजपासून शिकता येईल.

पेठेतला दहा नंबर

सरांनी बरोबर सांगितलंय. भावा त्या माणसाचा नंबर पोलिसात दे, आमच्या कोल्हापुरात पण दोन घरं अशीच फसलीत.

एक उदाहरण देतो म्हणजे दाजींना पटंल. २०१७ ला आपल्याकडं अंडर-१७ वर्ल्ड कप झाला, भारत यजमान म्हणून पहिल्यांदा खेळला. त्या २१ जणांच्या टीममध्ये महाराष्ट्रातनं घडून गेलेलं पोरगं म्हणजे आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव. तो काय कुणाला पैसे देऊन नाही गेला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत होता, तिथनं पुढं गेला. क्रीडा प्रबोधिनी सरकारी आहे, लहान वयातच बॅटरी टेस्ट घेऊन पोरं निवडतात, ३० मीटर पळणं, उभ्यानं लांब उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेकणं असलं सगळं, आणि मग राहणं शिकणं खेळणं तिथंच.

त्याच टीममध्ये ८ पोरं एकट्या मणिपूरची होती. कॅप्टन अमरजित सिंग मणिपूरचा, आणि कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर हेडर मारणारा जॅक्सन सिंग पण मणिपूरचाच, कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. (पुढच्याच मिनिटाला त्यांनी दुसरा मारला आणि आपण २-१ नं हरलो, आजपण आठवलं की पोटात कालवतं.) आणि जॅक्सन सुरवातीपासून कॅम्पमध्ये नव्हता बरं का. आधी कोच होते जर्मनीचे निकोलाय ॲडम, २०१७ च्या सुरवातीला ते गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. मिनर्व्हा ॲकॅडमीची पोरं कॅम्पमधल्या टीमशी सरावाची मॅच खेळली आणि त्यांनी इंडियाच्या टीमलाच हरवलं, मग डी मातोसनी त्यातली काही पोरं सरळ आत घेतली, जॅक्सन त्यातलाच. वर्ल्ड कपला काही महिने राहिलेत, टीमवर इतकी वर्षं खर्च झालाय, आणि तरी कोच म्हणतो बाहेरचं पोरगं बरं आहे तर तो खेळंल. म्हणजे पोरगं मॅच खेळत असलं पायजे आणि चांगल्या टीमशी खेळत असलं पायजे, बाकी सगळं नंतर.

विदर्भातला बाप

वरचं सगळं मान्य आहे पण इतकं गोड चित्र नका रंगवू. राष्ट्रीय पातळीवर असेलही प्रामाणिक, पण तिथपर्यंत जायचा रस्ता जिल्ह्यातून आणि राज्यातून जातो ना? माझा पोरगा जिल्ह्याच्या ट्रायलला गेला तेव्हा यादी आदल्या रात्रीच बनलेली होती, सकाळी पोरांना वीस वीस मिनिटं पळवलं आणि दुपारी तीच नावं वाचून दाखवली, त्यात दोन पोरं तर ट्रायलला आलीच नव्हती. कुणाची तक्रार कुठं करायची तेही सांगत नाहीत. पोरानं नंतर वर्षभर बुटाला हात लावला नाही. आमच्याकडं जिल्ह्यात धड लीगच होत नाही, वर्षात एक स्पर्धा, तीन मॅच, हरलं की घरी. मग स्काउट बघणार कुठं? मणिपूरचं पोरगं वर्षाला जेवढ्या मॅच खेळतं त्याच्या पावपट पण आमचं खेळत नाही, आणि मग म्हणायचं की महाराष्ट्रात टॅलेंट नाही.

मैदानावरचा सर

विदर्भातला बाप, तुमचा राग अगदी योग्य आहे, जिल्हा पातळीवर हे होतं, मी पण बघितलंय आणि भांडलोय. म्हणूनच मी लीगचा आग्रह धरतो. ट्रायलची यादी एका रात्रीत बनवता येते, पण १५-२० मॅचच्या लीगमध्ये कोण खेळतंय हे सगळ्या गावाला दिसतं, ते दाबता येत नाही. जिल्ह्यात लीग नसेल तर चार क्लबच्या पालकांनी मिळून आपसात घरच्या-बाहेरच्या मॅच लावा, मॅचचा व्हिडिओ काढून ठेवा, मोबाईलवरचा चालतो, फक्त उंचावरून आणि अख्खं मैदान दिसेल असा काढा. हायलाइट्सची रील नको, पूर्ण मॅच हवी, ॲकॅडमीचे लोक पूर्ण मॅचच मागतात.

आता गडहिंग्लजच्या दादांचा बारीक अंगाचा प्रश्न, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वयोगटाची कट-ऑफ १ जानेवारी असते. २०१७ च्या वर्ल्ड कपला १ जानेवारी २००० किंवा नंतर जन्मलेली पोरं चालत होती. म्हणजे जानेवारीतलं आणि डिसेंबरमधलं पोरगं एकाच गटात, मध्ये जवळजवळ वर्षाचा फरक. १३-१४ व्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं अंतर असतं ते कुठल्याही शाळेच्या रांगेत बघा. जगभरच्या युथ टीममध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त सापडतात आणि शेवटच्या तीन महिन्यांतली कमी, कारण कोच नकळत मोठ्या झालेल्या पोराला चांगलं पोरगं समजतो. तुमचा भाचा नोव्हेंबरचा आणि वरून उशिरा वाढणारा, म्हणजे त्याला दुहेरी मार बसतोय. पण हेच पोरगं जर टिकलं तर त्याचा टच आणि डोकं जास्त तयार होतं, कारण ताकदीवर मॅच काढायची सोय त्याला नव्हतीच. आत्ता जी पोरं मिसरूड फुटून डिफेंडरला अंगावर घेऊन पळतायत त्यातल्या बऱ्याच जणांचा फरक सोळाव्या वर्षी संपून जातो. त्याला फक्त सोडू देऊ नका.

अजून एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. आधी अंडर-१७ वर्ल्ड कप दोन वर्षांनी व्हायचा, विषम वर्षात, त्यामुळं २०००, २००२ अशा सम सालात जन्मलेल्यांना फायदा आणि मधल्या सालातल्या पोरांना कायम आपल्यापेक्षा वर्षानं मोठ्यांशी स्पर्धा करून जागा मिळवायची. २०२५ पासून तो दरवर्षी होतो, ४८ टीमचा, कतारमध्ये २०२९ पर्यंत. म्हणजे आता प्रत्येक सालाच्या बॅचला आपली स्वतःची टीम मिळते. तुमच्या भाच्याची २०१२ ची बॅच २०२९ च्या वर्ल्ड कपच्या वयात बसते. अजून वेळ आहे, घाई करून पस्तीस हजार कुणाच्या खिशात घालायची गरज नाही.

रेडिओलॉजीवाली ताई

सरांच्या पोस्टला जोड देते, कारण वय चोरायचा सल्ला पण तुम्हाला कुणीतरी देईलच, बारीक पोराच्या पालकांना हमखास देतात की दाखल्यावर दोन वर्षं कमी करा म्हणजे बरोबरीला येईल. अजिबात ऐकू नका. आशियाई आणि फिफाच्या अंडर-१७ मुलांच्या स्पर्धांत मनगटाचा एमआरआय करतात, फिफानं २००९ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपपासून सुरू केलं. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं म्हणून निरोगी मुलांवर करायला हरकत नाही. मनगटाजवळ रेडियस नावाच्या हाडाच्या टोकाला वाढीची एक पट्टी असते, लहानपणी ती पूर्ण उघडी दिसते, मग मधून हळूहळू बुजत जाते आणि शेवटी दिसेनाशी होते. याचे सहा टप्पे ठरवलेत. सहावा टप्पा म्हणजे पट्टी पूर्ण बुजली, आणि सतराच्या आतल्या मुलात ती पूर्ण बुजलेली सापडणं फारच दुर्मिळ, म्हणून सहावा आला की मुलगा बाहेर. लक्षात घ्या, यातून नेमकं वय कळत नाही, फक्त सतराच्या वरचा आहे याची जवळजवळ खात्री होते. मुलींमध्ये पट्टी लवकर बुजते म्हणून त्यांना ही टेस्ट लावत नाहीत.

स्कॅनमध्ये बाद झालेल्या पोराची अवस्था फार वाईट असते. चूक आईबापाची किंवा शाळेतल्या कुणाची तरी, आणि टीममधून नाव जातं ते त्याचं.

न्यूजर्सीकर

थोडं वेगळं विचारतो, याच विषयातलं आहे म्हणून. आम्ही मूळचे ठाण्याचे, मुलगा इथं अमेरिकेत जन्मला, १४ वर्षांचा आहे, चांगल्या क्लबमध्ये सेंटर बॅक खेळतो आणि त्याला मनापासून भारताकडून खेळायचंय. २०१७ च्या टीममध्ये नमित देशपांडे होता, तो न्यूजर्सीतच वाढलेला, म्हणून आम्हाला आशा वाटली. ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) चालतं का?

पेठेतला दहा नंबर

नाही चालत सर. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, सरकारचा २००८ पासूनचा नियम आहे, ओसीआय असून उपयोग नाही. नमित मुंबईत जन्मलेला आणि पासपोर्ट भारताचा, तसाच गोलकीपर सनी धालिवाल कॅनडात वाढलेला पण पासपोर्ट आपला, म्हणून ते खेळू शकले. त्यावेळी फेडरेशननं परदेशातली भारतीय पोरं शोधायला ऑनलाइन पोर्टलच काढलं होतं, व्हिडिओ पाठवायचे. तुमच्या पोराचा अमेरिकन पासपोर्ट असेल तर तो सोडावा लागंल, आणि आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. १४ व्या वर्षी असला निर्णय घेऊ नका असं मला वाटतं. पोराची इच्छा मात्र मनाला लागली, खेळत राहू दे त्याला.

पुण्याची आई

मुलींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी १५ वर्षांची, मिडफिल्ड खेळते. २०२२ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. अमेरिकेनं आपल्याला ८-० नं हरवलं, मोरोक्कोनं ३-०, ब्राझीलनं ५-०, आणि लोकांनी त्या पोरींना काय काय बोललं. कॅप्टन अष्टम उरांव झारखंडच्या गुमला भागातली, टीममध्ये झारखंडच्या आणखी पण पोरी होत्या आणि आपल्या पुण्याची काजोल डिसोझा होती. ज्या मुलींना घरच्या राज्यात वर्षभर लीगच मिळत नाही त्यांना कॅम्पमध्ये एकत्र ठेवून महिन्यांमध्ये अमेरिकेच्या बरोबरीला आणायचं, कुठल्याही कोचला कसं जमेल? निवडीसाठी पाचशे खेळणाऱ्या मुली असणं आणि पन्नास असणं यात फरक पडणारच. माझ्या मुलीला आठवड्यातून तीन दिवस मुलांबरोबरच खेळवतो आम्ही, कारण तिच्या वयाच्या मुलींची अकरा जणींची टीमच जवळपास नाही. सर, हे चालतं ना? कुणी म्हणतात दुखापत होईल.

मैदानावरचा सर

ताई बिनधास्त खेळू द्या, फक्त तिच्या ताकदीच्या जवळपासच्या मुलांत, म्हणजे वयानं वर्ष-दोन वर्षं लहान मुलांत खेळवा, वेग आणि निर्णय दोन्ही सुधारतात. आणि ज्युनिअर मुलींच्या राज्य निवडीची तारीख विफाकडून, म्हणजे आपल्या राज्य फुटबॉल संघटनेकडून, विचारून ठेवा, मुलींच्या ट्रायलची बातमी बऱ्याचदा आपल्यापर्यंत पोचतच नाही.

गडहिंग्लजवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईच्या घरी जाऊन हे सगळं दाजींना मोबाईलवर वाचून दाखवलं. त्या माणसाला फोन लावला आणि दाजींनी एकच विचारलं, की बोलावणं शाळेच्या किंवा क्लबच्या नावानं मेलवर पाठवा. तर तो म्हणाला असं नसतं, जागा भरत आल्यात, आज अर्धे तरी टाका. दाजींनी फोन ठेवला. पैसे वाचले. पोराचं तोंड मात्र पडलंय, त्यानं मित्रांना सांगून टाकलं होतं की दिल्लीला चाललोय म्हणून.

आता मला पुढचं सांगा, सुरवात कुठनं करू? त्याचं अजून कुठंच रजिस्ट्रेशन नाहीये, नुसता शाळेकडनं आणि मंडळाकडनं खेळतो.

मैदानावरचा सर

छान केलंत दादा. आता क्रमानं असं करा. ज्या क्लबमधून जिल्ह्याच्या स्पर्धा खेळता येतील असा क्लब बघा, तुमच्याकडं कोल्हापूरला केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) आहे, त्यांच्याशी संलग्न क्लब भरपूर आहेत, त्यांची वयोगटाची टीम आहे का विचारा. क्लब त्याचं एआयएफएफच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या सिस्टीममध्ये, ऑनलाइन रजिस्ट्रेशन करेल, त्यावर त्याला स्वतःचा आयडी मिळतो आणि पुढं कुठल्याही अधिकृत स्पर्धेत तोच लागतो. शाळेच्या पीटी सरांना सुब्रतोच्या तालुका फेरीत टीम घालायला लावा, दरवर्षी कितीतरी चांगल्या शाळा नुसत्या फॉर्म न भरल्यामुळं बाहेर राहतात. आणि निवासी ॲकॅडमीची ट्रायल द्यायचीच असेल तर क्रीडा प्रबोधिनीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या ऑफिसात मिळेल, नवी मुंबईला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आहे तिथं स्कॉलरशिपवर घेतात. एका ठिकाणी नाही घेतलं तर पुढच्या वर्षी परत जा, तोपर्यंत त्याची उंची पण वाढलेली असेल.

आणि आजच्या आज एक काम करा, जन्मदाखला काढून बघा. नगरपालिकेकडं नोंद जन्मानंतर लगेच झालेली आहे का, आणि त्यावरची तारीख, आधारवरची आणि शाळेच्या रजिस्टरवरची तारीख एकच आहे का. आपल्याकडं गुरुजींनी सोयीनं १ जून टाकून दिलेल्या पोरांची संख्या कमी नाही, आणि नोव्हेंबरच्या पोराला जून लागला असेल तर ते दुरुस्त करायला सहा-आठ महिने जातात. रजिस्ट्रेशनच्या आधी करून घ्या, नंतर केलं की प्रत्येक जण संशयानं बघतो.

गडहिंग्लजवाला

दाखला ताईकडं आहे, नोव्हेंबरचाच आहे, नोंद पण त्याच महिन्यातली. शाळेतलं उद्या जाऊन बघतो. आणि पीटी सरांना सुब्रतोचं विचारलं आत्ताच, म्हणतात फॉर्म भरू पण अंडर-१५ ला गोलकीपर नाहीये. शोधतोय, गडहिंग्लज आजऱ्याकडं कुणाच्या ओळखीत उंच पोरगं असेल तर कळवा.